लेहला गाडीने: श्रीनगरहून की मनालीहून? आधी बर्फाचं बघा

सुट्टीत लेहला गाडीने जायचं ठरलं की पहिला वाद रस्त्यावरूनच होतो. तो अंतरावर सुटत नाही, कारण दोन्ही वाटा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहेत. सृष्टिसौंदर्यावर तर मुळीच सुटत नाही. एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्याने दोनच गोष्टी बघाव्यात: कुठला बर्फ आधी निघतो आणि निघाल्यावर रस्ता किती दिवस धड राहतो.

श्रीनगरच्या वाटेवर खरा अडसर एकच, जोजिला खिंड. उंची साधारण 3,528 मीटर. गंमत म्हणजे याच रस्त्यावर पुढे लागणारी फोतू ला खिंड 4,108 मीटरवर आहे, तरी रस्ता अडतो तो जोजिलात. काश्मीरकडून येणारे ओले ढग इथेच रिते होतात, पलीकडचं लडाख कोरडंच राहतं. त्यामुळे बीआरओला, म्हणजे सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या सीमा रस्ते संघटनेला, आपली ताकद एका तुकड्यावर लावता येते. काश्मीरच्या बाजूने, सोनमर्गकडून, ‘बीकन’ची आणि लडाखच्या बाजूने, द्रासकडून, ‘विजयक’ची (हे बीआरओचेच दोन प्रकल्प) माणसं बर्फ कापत येतात आणि मध्ये भेटतात. डोझरवाला आधी बर्फाखालचा रस्ता हुडकतो, आणि हेच काम सगळ्यात जिकिरीचं, कारण कडेचा दगड आणि दरी दोन्ही पांढऱ्याखाली गाडलेली असतात. मागून स्नो कटर येतो, फिरत्या पात्यांनी बर्फ ओढून घेतो आणि नळीतून दरीकडे भिरकावतो. हिमस्खलन होऊन दगड-झाडं मिसळलेला बर्फ असेल तर पाती अडकतात, मग पुन्हा डोझर आणि जेसीबी. कॅप्टन मोड, शैतानी नाला अशा जागी साफ केलेला रस्ता दुसऱ्या दिवशी परत भरलेला असू शकतो.

मनालीची बाजू वेगळी. 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा झाला आणि रोहतांगची कटकट गेली, पण ‘आता मनाली-लेह बाराही महिने’ असं जे ऐकू येतं ते खरं नाही. बोगद्यापुढे बारालाचा ला आहे, मग नकी ला, पाच हजार मीटर ओलांडणारी लाचुलुंग ला आणि शेवटी 5,328 मीटरची तंगलांग ला. चार खिंडी, त्याही उंच. मधल्या सरचू-पांग पट्ट्यात हिवाळ्यात वस्ती नाही. तिथे यंत्र बंद पडलं तर सुटा भाग पोचवण्यापासून तयारी.

एकाच वर्षाचे आकडे बघा. 2023 मध्ये जोजिला 68 दिवस बंद राहून 16 मार्चला उघडला. मनाली-लेह 25 मार्चला जोडला गेला तो 138 दिवसांनी, आणि तेही विक्रमी वेगाने झालं म्हणून कौतुक झालं. 2025 मध्ये तर जोजिला जेमतेम 32 दिवस बंद होता. सोनमर्गच्या अलीकडचा बोगदाही त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला, त्यामुळे सोनमर्गपर्यंतची हिवाळ्यातली धास्ती संपली. जोजिलाखालच्या बोगद्याचं काम मोठं आहे, तो होईपर्यंत वरूनच जायचं.

बातमीत ‘रस्ता खुला’ आलं म्हणून तिकिटं काढू नका. सुरुवातीला बहुधा फोर बाय फोर आणि चाकाला साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात, वाहतूक एकेरी असते आणि कुठल्या दिवशी कुठली बाजू ते पोलीस ठरवतात. आपली पुण्याहून नेलेली हॅचबॅक तेव्हा सोनमर्गलाच थांबते. मनालीच्या वाटेवर आणखी एक भानगड: दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांचं पाणी थेट रस्त्यावर येतं आणि तेच पाणी रात्री गोठून पहाटे काचेसारखं होतं. डांबर ओलं दिसतं, प्रत्यक्षात तो बर्फ असतो. बाइकवाल्यांनी पहाटे निघायचा उत्साह तिथे आवरावा. नाले मात्र सकाळीच ओलांडलेले बरे, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

मग निवड कशी करायची? एप्रिल-मे असेल तर श्रीनगर, दुसरा विचार नको. चढही अंगाला सोसवतो: सोनमर्ग, कारगिल, मग लेह. मनालीहून सरचूला मुक्काम केलात तर झोप थेट 4,200 मीटरच्या वर. जून उजाडल्यावर मनालीचा पर्याय खुला होतो, आणि तेव्हा श्रीनगरने जाऊन मनालीने उतरणं सगळ्यात चांगलं. अडचण एवढीच की आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. विदर्भातल्या मंडळींना थोडे दिवस जास्त मिळतात, त्यांनी हा फेरा जरूर मारावा.

निम्मू-पदुम-दारचा ही तिसरी वाटही आहे, 298 किलोमीटर, आणि तिच्यावर शिंकू ला ही एकच मोठी खिंड. कागदावर ती दोघींना भारी आहे. पण खिंड पाच हजार मीटरच्या वर, सोयी तुरळक, बोगद्याचं काम चालू. पहिल्यांदाच लडाखला निघालेल्या कुटुंबाने एवढ्यात तिच्या नादी लागू नये.

परतीचं विमान मात्र शेवटच्या दिवसाचं काढू नका. मेमध्येही बर्फ पडून जोजिला एखादा दिवस बंद होतो, म्हणून द्रास किंवा सोनमर्गला एक रात्र हातची ठेवा.