पिकअपला गॅसवाले मोनोट्यूब शॉकअप
मागचे जुने शॉकअप तेलाने ओले झाले होते. रिकामी गाडी स्पीडब्रेकरवर मागून नुसती उडायची. या वेळी नायट्रोजन गॅस भरलेले मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉकअप घेतले. खडबडीत रस्त्यावर सलग चालवलं तरी तेलाला फेस येत नाही, त्यामुळे शॉकअप ढिला पडत नाही. वळणावरचा झोलही कमी झालाय. रिकामी गाडी जरा कडक लागते, पण पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीला त्याला इलाज नाही. जास्त माल भरायचा म्हणून मात्र हे घेऊ नका, वजन पाटे पेलतात. नळी एकेरी असते, दगड लागून पोचा पडला की पिस्टन अडकतो. आणि हो, शॉकअपच्या टोकांना असलेल्या रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच पक्के आवळून घ्या, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं.