शिफ्टचा बग: हेल्पर लिहायचा की आतच निस्तरायचं?

रविवारी दादरहून डोंबिवलीची फास्ट पकडली, नशिबाने विंडो मिळाली, लॅपटॉप उघडून क्यूएमूच्या (एका प्रोसेसरचा कोड दुसऱ्यावर चालवणारा एम्युलेटर) माझ्या कॉपीचा लॉग बघत बसलो तेव्हा कुठे कळलं घोळ काय ते. एक्स८६ मध्ये (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) सीएल रजिस्टरमधल्या आकड्याने शिफ्ट करताना, म्हणजे बिट सरकवताना, त्या आकड्याचे खालचे ५ बिटच धरतात (६४ बिट ऑपरँडला ६), म्हणजे ३२ बिटच्या रजिस्टरला ३२ ने शिफ्ट केलं की शिफ्टचा आकडा शून्यच धरला जातो, आणि तो शून्य असेल तर फ्लॅग्सना (निकाल शून्य, ऋण वगैरे सांगणारे बिट) हात लावायचा नाही. मी मात्र दरवेळी फ्लॅग नवीन लिहीत होतो!

निस्तरायचे रस्ते दोन. पहिला हेल्पर, म्हणजे ट्रान्सलेट झालेल्या कोडमधून बोलावलेलं सी मधलं फंक्शन, सरळ इफ टाका, मोकळे व्हा. वाचायला सोपं, पण गेस्टचा (एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या मशीनचा) कोड लूपमध्ये शिफ्ट करत असेल तर प्रत्येक फेरीला कॉल, वर साधारण रजिस्टरं मेमरीत उतरवणं आलं.

दुसरं म्हणजे टीसीजीच्याच (क्यूएमूचा कोड ट्रान्सलेट करणारा भाग) ऑप्सनी, मूव्हकंड (अट बघून दोनपैकी एक किंमत उचलणारी ऑप) वापरून, शिफ्टचा आकडा शून्य तर जुने फ्लॅग नाहीतर नवे. ब्रँच नको, तिने ऑप्टिमायझरची वाट लागते. पण खरी मेख इथेच आहे, कारण क्यूएमू फ्लॅग लगेच काढत नाही, मागचे आकडे आणि सीसी-ऑप (फ्लॅग कुठल्या ऑपरेशनप्रमाणे काढायचे त्याची खूण) ठेवतो आणि लागले तरच काढतो, त्यामुळे सीसी-ऑपही कोड चालू असतानाच निवडावा लागतो. मी नेमका तोच विसरलो, दोन संध्याकाळी गेल्या.

शिफ्टचा आकडा इन्स्ट्रक्शनमध्येच असेल तर हे काहीच नको, ट्रान्सलेट करतानाच कळतं.

मी शेवटी मूव्हकंडच ठेवला. हेल्पर फेकला नाही, टेस्टमध्ये दोघांचे फ्लॅग ताडून बघायला कामाला येतो.