भोकं झाकायचे पैसे घेतले, झाकली वॉशरने

गिटारचे इफेक्ट पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे, घरी बनवायचा मला छंद आहे. या वेळी मित्रांसाठी सहा करायचे होते. १२५बी मापाचे अ‍ॅल्युमिनियमचे डायकास्ट डबे आणले आणि घाई नडली. आधी सगळी भोकं पाडून बसलो. पॉटची (नॉब ज्यावर बसतो तो फिरता भाग) ७ मिलिमीटरची, फुटस्विचचं १२ चं, एलईडी, जॅक धरून डब्याला आठ. वरची नक्षी मग सुचली. खरा क्रम आधी एचिंग (रसायनाने धातू खाऊन नक्षी कोरणं), मग ड्रिल. उलटं केलं की फेरिक क्लोराइड, म्हणजे ते रसायन, भोकातून आत शिरतं, कड दोन्ही अंगांनी खातं. शिवाय ड्रिलची बर (कडेला उठलेला खरखरीत धातू) राहिली असेल तर तिथे नक्षी उमटवायचा टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची शाई, धड चिकटत नाही.

म्हणून काम बाहेर दिलं. नाव लिहीत नाही. ‘भोकं आतून-बाहेरून मास्क करून देतो, भोकाला १५ रुपये वेगळे,’ असं तो म्हणाला. ४८ भोकांचे ७२० रुपये, एचिंगचे निराळे, सगळे आगाऊ. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: हिरव्या टेपच्या गोल टिकल्या लावलेले डबे. मी अंगठा पाठवून मोकळा झालो.

डबे आले ते झकास दिसत होते. प्रत्येक भोकावर चकचकीत वॉशर चिकटवलेला. ‘फिनिशिंगला बरं दिसतं, फ्री दिलेत,’ म्हणाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री पॉट बसवताना एक वॉशर नखाने सुटला. खाली भोकाची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. व्हर्नियर लावला: ७ चं साडेआठ झालेलं. बाकीचे वॉशर काढले, सगळीकडे तेच. डब्याच्या आतही खड्डे आणि तपकिरी डाग.

फोन केला तर म्हणे, ‘माल हलका होता तुमचा.’ क्षणभर मलाही शंका आली. घरी त्याच खेपेतला सातवा डबा पडून होता, त्याचीही भोकं पाडलेली. कड घासून बर काढली, भोकांभोवती आतून-बाहेरून नेलपॉलिशचे दोन हात दिले, आतून पॅकिंग टेप लावली. अ‍ॅल्युमिनियम फेरिकमध्ये पडलं की द्रावण तापतं, फसफसतं, हायड्रोजन सुटतो. तापलं की टेपचा गोंदही सैल होतो. म्हणून खिडकी उघडून, हातमोजे आणि चष्मा घालून, अर्धा मिनिट बुडव, पाण्यात धू, परत बुडव, असं केलं. शेवटी अ‍ॅसिटोनने पुसलं तर प्रत्येक भोकाभोवती न खाल्लेल्या धातूची गुळगुळीत कडी शिल्लक होती. मास्क लावला असेल तर ही कडी राहतेच. त्याच्या एकाही डब्यावर ती नव्हती. डबे ताब्यात घेताना वॉशर, स्टिकर, जे असेल ते उचकटून आधी ही कडी शोधा.

मग तो फोटो पुन्हा उघडला. टिकल्या मोजल्या. वरच्या बाजूला नॉबची चार भोकं. माझ्या पेडलला नॉब तीनच आहेत.

हे सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता. ७२० तरी परत दे म्हटलं. तर म्हणाला, ‘साहेब, वॉशरचे मी कुठे लावले?’