तीनशे केळी उत्पादकांची एकच बैठक: सर्व्हर कोणता मांडायचा?

रावेर, चोपडा, शहादा, साक्री इथले तीनशे शेतकरी एकाच ऑनलाइन व्हिडिओ बैठकीला घ्यायचे आणि सीएमव्ही हा विषाणूरोग लागलेलं केळीचं पान सगळ्यांना नीट दाखवायचं, असा बेत असेल तर हे वाचा.

सर्व्हरशिवाय मोबाईल थेट मोबाईलला जोडणं चार जणांपुरतं ठीक. दहा जण झाले की प्रत्येकाला आपलं चित्र नऊ वेळा पाठवावं लागतं. एका चित्राला 500 केबीपीएस (सेकंदाला 500 किलोबिट) धरले तरी साडेचार एमबीपीएस अपलोड. शेतात एवढी रेंज कुठली? सगळी चित्रं मिसळून एकच प्रवाह देणारा एमसीयू प्रकारचा सर्व्हर साध्या मोबाईलला सोसतो, पण प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा बांधताना सर्व्हरचा प्रोसेसर पिळून निघतो. त्या खर्चात मी पडणार नाही.

उरतो एसएफयू प्रकारचा सर्व्हर. तो चित्रं न मिसळता फक्त पुढे पाठवतो. तरी हिशेब कराच: तीनशेही कॅमेरे चालू ठेवले तर 300 × 299, म्हणजे 89,700 प्रवाह. पाचच जणांचे चालू ठेवले तर सुमारे 1,500. 500 केबीपीएसने तेही 750 एमबीपीएस होतात. सिमुलकास्ट असेल तर बोलणारा मोठं-छोटं चित्र एकदमच पाठवतो, आणि कमी रेंजवाल्याला सर्व्हर छोटं देतो. नुसता आवाज 32 केबीपीएसवर तासाला जेमतेम 15 एमबी खातो. साक्रीकडच्या एका काकांनी चाचणीत चार वेळा विचारलं, "ऐकू ई राह्यनं का?" चित्र बंद केल्यावर त्यांचा आवाज खणखणीत आला.

आता एसएफयूवर चालणारं बैठकीचं सॉफ्टवेअर कोणतं, जित्सी की बिगब्लूबटन? कॉलेजचे वेगवेगळे वर्ग भरवायचे असतील तर बेलाशक बिगब्लूबटन; फळा, स्लाइड सगळं आहे. पण त्याला स्केललाइट हा अनेक सर्व्हर जोडणारा प्रोग्राम लावला तरी ते बैठका सर्व्हरांमध्ये वाटतं, एक बैठक फोडत नाही. जित्सीत एकच बैठक अनेक ब्रिजवर (चित्र-आवाज पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरांवर) पसरवता येते. म्हणून तीनशेंसाठी माझं मत जित्सीला.

एक मात्र करा: सर्व्हरचं यूडीपी 10000 पोर्ट, म्हणजे चित्र-आवाजाची ये-जा होते ती वाट, उघडं ठेवा आणि चाचणी तिघांनी घ्या. दोघंच असले की जित्सी त्यांना थेट जोडतं, सगळं झकास चालतं. आमच्याकडे तिसरा आला आणि चित्र, आवाज दोन्ही गायब. पोर्ट बंद होतं.