तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची केबल : कॅम्पर गाडीवाल्यांनो, टोक कापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

आमची कॅम्पर, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. तिला बाहेरच्या सॉकेटमधून वीज द्यायला बेळगावच्या बाजारपेठेत 'शुद्ध तांबं, 4 एमएम, तीन कोअर' (4 एमएम म्हणजे प्रत्येक कोअरचा छेद 4 चौरस मिलिमीटर) म्हणून 30 मीटर केबल आमच्या गळ्यात मारली. निघाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. 165 रुपये मीटरनं 4,950, 16 अँपिअरचे प्लग-सॉकेट 680, ड्रम 900. एकूण 6,530 रुपये. गाडीचं इनलेट सॉकेट (बाहेरची केबल जिथं लावतात ते) वितळलं, त्याचे 2,350 वेगळे.

स्वस्ताच्या मागे लागून फसलो असं कुणी म्हणू नये. केबलवर आयएसआयचा शिक्का होता, बिलही मिळालं. गिऱ्हाइकानं अजून काय बघायचं? शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, नंतर बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकला, तर तो भलत्याच मालाचा! हे काम दुकानात उभं राहूनच करा, दोन मिनिटं लागतात.

खरी चीड येते ती एका गोष्टीची. दुकानदारानं टोक सोललं, तारा बोटांनी फुलवून दाखवल्या. लालभडक रंग, सगळ्यांचं लक्ष तिकडेच. पण मुलामा तारेच्या अंगावर असतो, कापलेल्या तोंडावर नसतो. पकडीनं ताजं तोडलेलं तोंड उजेडाकडे धरलं की प्रत्येक तारेच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो. तो तिथंच, काउंटरवर, समोर होता. आणि वजन! 4 एमएमच्या तीन कोअरच्या 30 मीटरमध्ये नुसतं तांबंच सव्वातीन किलो भरतं, पीव्हीसी धरून बंडल पाच किलोच्या पुढे जायला हवं. हे तीन किलोही नव्हतं. काट्यावर ठेवायला सांगा. दुकानदार कां-कू करू लागला की पायरी उतरा.

घरी तारा मोजल्या. 4 एमएमला 0.3 मिलिमीटरच्या 56 तारा लागतात, निघाल्या 36. म्हणजे छेद 2.5 एमएमचा, त्यात ॲल्युमिनियम. एसी आणि इंडक्शन शेगडी मिळून 3000 वॉट, म्हणजे 13 अँपिअर. अस्सल केबलमध्ये एवढ्या लोडला जेमतेम 4 व्होल्ट पडतात आणि 50 वॉटची उष्णता तीस मीटरभर पसरते. या केबलमध्ये 10 व्होल्ट पडतात आणि उष्णता सव्वाशे वॉटच्या वर. अर्धी केबल ड्रमवरच गुंडाळलेली असेल तर उष्णतेला बाहेर जायला वाट नाही, आतले वेढे एकमेकांना चिकटतात. केबल कितीही चांगली असो, ड्रमवरून पूर्ण उलगडूनच लोड टाका. ॲल्युमिनियमचं आणखी एक दुखणं म्हणजे स्क्रूखाली ते दबत जातं, वर ऑक्साइड धरतं, जोड सैल होऊन तापतो. इनलेट वितळलं ते यामुळेच.

आता तक्रारीचं ऐका. दुकानदार म्हणतो, "तुमच्या गाडीचंच वायरिंग खराब." पोलीस ठाण्यात सांगतात, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक कोर्टात जा. वीज कार्यालयात सांगतात, मीटरच्या पुढचं आमच्याकडे नाही. एका टेबलावर मराठी अर्ज वाचलाही नाही, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत दिला. लिहून नेला, तर साहेब फिरतीवर. माणूस जळून मेल्यावरच हे प्रकरण यांच्या हद्दीत येणार आहे का? खोटा शिक्का मारलेला माल उघड्यावर विकला जातो आणि जप्त करायचा कुणी, हे सांगायलाही कुणी तयार नाही!

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्यासाठी पक्कं बिल लागतं, आणि त्यावर 'तांबं, 4 एमएम, 3 कोअर' हे शब्द हवेत. नुसतं 'केबल' लिहिलेलं बिल घेऊ नका.

खानापूर-जांबोटीकडे शेतावर गाडी लावणाऱ्यांनी पंपाच्या पेटीतून तार ओढू नये. तिथं थ्री-फेज असतं, दोन फेजमध्ये जोडलं गेलं तर 415 व्होल्ट गाडीत शिरतात. घराच्या 16 अँपिअर सॉकेटमधूनच घ्या, आधी अर्थिंग टेस्टरनं तपासा, आणि गाडीच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) व 16 अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की तोडणारा) असल्याशिवाय प्लग लावू नका. मधे टेप गुंडाळून जोड देऊ नका, लांबी कमी पडली तर अखंड मोठी केबल घ्या.

शंका असली तर एक तार काढून लायटरवर धरा. तांबं लाल होतं, शाबूत राहतं. ॲल्युमिनियमवाली लुळी पडून तुटते. जळालेला तुकडा मात्र टाकून देऊ नका, आयोगापुढे तोच पुरावा आहे.