टोळधाडीचं पत्रक: एका संत्रा बागायतदाराचा अनुभव

सेवा: ‘एफएओ’ची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची, टोळांवर नजर ठेवणारी ‘लोकस्ट वॉच’ आणि तिचं दरमहा निघणारं वाळवंटी टोळांचं पत्रक. फुकट आहे, इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. माझ्याकडून पाचपैकी चार.

मे 2020 च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या काटोल तालुक्यात टोळधाड उतरली. मोर्शीच्या मावसभावाचा फोन आला, “दादा, इकडून उठले, तुमच्याकडे येतील.” आंबिया बहराची फळं तेव्हा लिंबाएवढी होती. दिवस कलायच्या आधी धुऱ्यावरच्या बाभळी गुलाबी दिसायला लागल्या. आम्ही थाळ्या, डबे बडवले, तर टोळ उठून शेजारच्या काकांच्या बागेत बसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पहाटे अग्निशमनच्या गाडीतून क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची फवारणी झाली, पण तोवर कोवळी नवती गेली होती.

ते गुलाबी का होते, हे मला या पत्रकांमुळे कळलं. गुलाबी म्हणजे अजून वयात न आलेले. ते अंडी घालत नाहीत, पण खातात भरपूर आणि वाऱ्याबरोबर दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जातात. पिवळे झाले की अंडी घालायला तयार. राजस्थानात तेव्हा पाऊस नव्हता, हिरवं काही नव्हतं, म्हणून ते पूर्वेकडे आमच्यापर्यंत आले.

मुलगी अकरावीत होती, तिनं पहिलं पत्रक वाचून दाखवलं. वहीत शब्दही लिहून दिले: हॉपर म्हणजे पंख न फुटलेलं पिल्लू, बँड म्हणजे जमिनीवरून सरकणारा पिल्लांचा जथा, स्वॉर्म म्हणजे उडणारी धाड. पत्रक इंग्रजी, फ्रेंच आणि अरबीत निघतं. मराठीत नाही, त्याचा एक गुण मी कापला. नकाशा मात्र भाषेवाचून कळतो: हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे सावध, नारिंगी म्हणजे धोका, लाल म्हणजे मोठं संकट. पत्रकात देशांचे विभाग पाडलेले असतात; भारत पूर्व विभागात येतो, पण फक्त तेवढंच पान वाचू नका.

कारण आपल्याकडची धाड फार लांबून सुरू होते. 2018 मध्ये मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांचा पाऊस अरबस्तानातल्या रुब-अल-खाली वाळवंटात पडला. वाळू ओली झाली की मादी त्यात दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंडी घालते. माणूस फिरकत नाही अशा त्या जागी टोळांच्या तीन पिढ्या वाढल्या, आणि दीड वर्षानं त्याचा हिशेब आमच्या बागेनं दिला. म्हणून मी आता ओमान, येमेन, इराण, पाकिस्तानचा मजकूर आधी वाचतो, त्यातही पावसाचा परिच्छेद.

दुसरी गोष्ट मी बघतो ती म्हणजे किती हेक्टरवर फवारणी झाली. एका चौरस किलोमीटरच्या धाडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि ते दिवसाला पस्तीस हजार माणसांच्या जेवणाएवढं खातात. पंख फुटायच्या आत वाळवंटातच जेवढे मारले जातील, तेवढे आपल्याकडे कमी येणार. 2020 मध्ये हे वाचत असतो तर निदान तयारी असती: पंप दुरुस्त, टाकी भरलेली, रात्री जागायला माणसं ठरलेली.

आज रात्री धाड कुणाच्या वावरात बसणार, हे या पत्रकातून कळायचं नाही. ते महिन्याचं आहे आणि देशांच्या पातळीवरचं आहे. त्यासाठी मावसभावाचा फोनच लागतो, आणि त्यानं सांगितलं की पुढच्या गावाला आपण करायचा. दिवस मावळताना ते बसले की जागा हेरून ठेवायची, कारण सकाळी ऊन लागून पंख तापले की ते उठतात. फवारणी त्याच्या आत.

मुलगी आता नोकरीला बाहेरगावी आहे. महिन्याच्या सुरुवातीला पत्रक आलं की ती नकाशाचा फोटो मला पाठवते. या वेळी आपल्याकडे हिरवा आहे.