एंजल की डिस्कस? मराठवाड्यात पिल्लं काढायची तर

एंजल आणि डिस्कस हे काचेच्या टाकीत पाळायचे शोभेचे मासे. दोन्ही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, दोन्ही सिक्लिड कुळातले, जोडीने अंडी राखणारे. नर-मादी नुसतं बघून ओळखणं दोन्हींत अवघडच. म्हणून सहा लहान मासे एकत्र वाढवायचे आणि जोडी आपली आपण लागू द्यायची. एंजल वर्षाच्या आत अंड्यावर येतो, डिस्कसला दीडेक वर्ष धरा.

खरा निकाल पाणीच लावतं. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर ५००-७०० आकडा आला तर नवल नाही. बाजारातले एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच पोसलेले असल्याने बऱ्यापैकी जड पाण्यातही त्यांची अंडी फळतात. डिस्कस अशा पाण्यात जगेल, अंडीही घालेल, पण दोन दिवसांत ती पांढरी पडलेली दिसतील. त्याला अंडी फळण्यासाठी टीडीएस १०० च्या आसपास आणि सामू (पीएच) ६ ते ६.५ लागतो. म्हणजे आरओ आलं, आणि घरचा आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर सोडून देतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात ते मोरीत सोडायला कुणाचा हात धजेल? त्यापेक्षा पावसाळा गाठा. पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवरचं पाणी प्लास्टिकच्या टाकीत धरायचं (सिमेंटच्या हौदात ते पुन्हा जड होतं) आणि सामू एकदम कोसळू नये म्हणून त्यात थोडं बोअरचं मिसळायचं.

ऊन मात्र डिस्कसच्या बाजूचं. त्याला २८ ते ३० अंश हवेत, एंजलचं २६-२८ वर भागतं. मे महिन्यात टाकी ३३-३४ वर गेली की दोघांचाही जीव कासावीस होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊनच ठेवा.

पिल्लांच्या बाबतीत फरक सगळ्यात मोठा. एंजलच्या जोडीने अंडी खायला सुरुवात केली, तर अंड्यांसकट पान किंवा फरशीचा तुकडा उचलून वेगळ्या टाकीत ठेवता येतो. खाली हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, बुरशी लागू नये म्हणून थोडं मिथिलिन ब्लू. पिल्लं पोहू लागली की ताजी फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). डिस्कसमध्ये ही पळवाट जवळजवळ नाहीच. त्याची पिल्लं सुरुवातीला आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. आईच्या कुशीला दाटीने लगडून ती टोचत राहतात. आई कंटाळली की अंगाला झटका देते आणि सगळा घोळका बापाकडे वळतो. हे बघायला मिळावं म्हणून माणूस दीड वर्ष थांबतो, असं माझं मत. पण नव्या जोडीने पहिले दोन-चार घाणे खाऊन टाकले तर गप्प बसायची तयारी हवी.

आरओ नसेल आणि गच्चीला पन्हळही नसेल, तर एंजलच घ्या. पन्हळ असेल तर डिस्कसची सहा पिल्लं दिवाळीनंतर आणा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतरचा पावसाळा त्यांना अंड्यावर सापडेल.